रजिस्टरात दिसतात ते पोचलेले: खान्देशातल्या कॅन्सरच्या नोंदींमागचं

धुळे-जळगावकडच्या मोठ्या रुग्णालयात कॅन्सरच्या नोंदी चाळल्या की पुरुषांच्या रकान्यात तोंड आणि बायांच्या रकान्यात स्तन नाहीतर गर्भाशयाचं मुख, हीच नावं पुन्हा पुन्हा भेटतात. पण त्या रजिस्टराला खान्देशचा आरसा समजू नये. त्यात दिसतात ते दवाखान्यापर्यंत पोचलेले.

एखाद्या भागातल्या सगळ्याच रोग्यांची, दवाखान्यात आलेले-न आलेले धरून, मोजदाद हे वेगळं काम. मुंबईत ते १९६३ साली सुरू झालं, देशपातळीवर १९८२ च्या सुमारास. खेड्यातली पहिली नोंदणी १९८७ ची, बार्शीची. मुंबईत स्तनाचा कॅन्सर पुढे निघून गेला तरी बार्शीकडे गर्भाशयमुखाचा बराच काळ वरच होता. खान्देशातल्या खेड्यांबद्दल अंदाज बांधायचा तर मुंबईपेक्षा बार्शी जवळची.

तोंडाचं कोडं मात्र अवघड नाही. तंबाखू-चुना तळहातावर मळायचा, चिमूट गालात नाहीतर खालच्या ओठात धरून ठेवायची. जखम बहुतेकदा तिथेच चिघळते. बायांची मिसरी म्हणजेही भाजलेली तंबाखूच, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चारदा. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४ टक्क्यांहून जास्त प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, ओढणारे ४ टक्क्यांच्या आतच. गुटख्यावर २०१२ ला बंदी आली, तर सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. सुपारीने गाल आतून ताठ होतो. आधी तिखट झोंबतं, मग तीन बोटं उभी आत जात नाहीत. ‘तोंड उघडस नही’ म्हणत माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो. पारावर मात्र कॅन्सरचं कारण म्हणून फवारणीच्या औषधांची चर्चा जास्त चालते. चर्चा करणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते.

नोंदवहीचीही एक गंमत आहे. जीभ, हिरडी, गाल यांना वेगवेगळे कोड. बेरीज केली नाही तर तोंड यादीत खाली घसरतं.

आता रस्त्यांचं. परळचं टाटा रुग्णालय १९४१ चं. भुसावळहून गाडी धरायची आणि मुंबई गाठायची, हा जुना शिरस्ता. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. (आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते.) त्याच वर्षी औरंगाबादला सरकारी कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. शेक (रेडिएशन) आणि ऑपरेशनचे पैसे खिशातून जाणार नाहीत म्हटल्यावर घरात झाकून ठेवलेल्या गाठीही बाहेर आल्या. अशा वर्षी आकडा फुगला तर रोगच वाढला, असं लगेच म्हणता येत नाही.

‘अंगावरून पाणी जातं’ हे सुनेला सासूपाशी बोलता येत नाही, म्हणून गर्भाशयमुखाच्या नोंदी उशिराच्या टप्प्यातल्या. रक्ताच्या कॅन्सरचं लेकरू स्थानिक डॉक्टर बघून थेट मुंबईला पाठवतात. आणि नंदुरबार-नवापूरचा माणूस तापी लाइनवरून सुरतेला जातो. त्याची ओळ पडते गुजरातेतल्या रजिस्टरात.