के लीग 2 चा 2024 चा सीझन

के लीग 2 म्हणजे दक्षिण कोरियाच्या प्रोफेशनल फुटबॉलमधली दुसऱ्या पायरीची लीग, 2013 पासून चालू आहे, आणि 2024 चा सीझन हा तिचा बारावा. या सीझनला एफसी आनयांग पहिली आली आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये म्हणजे के लीग 1 मध्ये गेली. पण सीझन सुरू होताना चर्चा आनयांगची नव्हतीच, सगळ्यांच्या नजरा सुवॉन सॅमसंग ब्लूविंग्जवर होत्या. चार वेळा लीग जिंकलेला, दोनदा आशियाई क्लब चॅम्पियन झालेला हा क्लब 2023 ला के लीग 1 मध्ये शेवटचा येऊन पहिल्यांदाच खाली उतरला होता, आणि एवढा मोठा क्लब आलाय म्हटल्यावर हा एका वर्षाचा पाहुणा, आला तसा परत वर जाणार असंच बहुतेकांनी धरलं होतं. तसं काही झालं नाही.

त्या वर्षीचा फॉरमॅट आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच येतो. टीम 13, प्रत्येकीने दुसऱ्या प्रत्येकीशी तीन वेळा खेळायचं, म्हणून एका टीमच्या मॅच 36, पण 13 हा विषम आकडा असल्याने दर आठवड्याला एक टीम बसून राहणार आणि राउंड मात्र 39 होणार. पहिला नंबर थेट वर जाणार. दुसरा नंबर के लीग 1 च्या अकराव्या टीमशी दोन मॅच खेळणार, आणि तिसरा ते पाचवा यांची आपापसात प्लेऑफ होऊन जी टीम उरेल ती वरच्या दहाव्याशी खेळणार. या छोट्या प्लेऑफमध्ये मॅच बरोबरीत सुटली तर टेबलमध्ये जी टीम वर होती ती पुढे जाते, एक्स्ट्रा टाइम नाही, पेनल्टी नाही. पॉइंट सारखे झाले तर आधी गोल फरक नाही बघत, आधी एकूण किती गोल मारले ते बघतात. हा नियम लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी तो कामाला आला. आणि खालून कोणी बाहेर जाण्याची भीती त्या वर्षी नव्हती, म्हणजे शेवटची टीम पण पुढच्या वर्षी तिथेच.

आता आनयांग. सोलच्या दक्षिणेला लागून असलेलं शहर. इथे 1996 पासून आनयांग एलजी चीताज नावाचा क्लब खेळायचा, 2000 ला लीग पण जिंकला, आणि 2004 ला मालकांनी तो उचलून सोलला नेला, तोच आजचा एफसी सोल. सोलवाले म्हणतात की क्लब मुळात सोलचाच होता, लीगच्या धोरणामुळे 1996 ला बाहेर जावं लागलं, आम्ही फक्त घरी परत आलो, आणि तारखा बघितल्या तर त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण आठ वर्षं ज्यांनी स्टँडमध्ये बसून ओरडून ओरडून घसे बसवले त्यांना हे कसं पटणार. फॅन्स सालोसाल मागे लागले, शेवटी नगरपालिकेच्या पैशावर चालणारा क्लब उभा राहिला आणि 2013 ला दुसरी लीग सुरू झाली तेव्हा एफसी आनयांग पहिल्या दिवसापासून तिच्यात होता. रंग जांभळा, कारण आनयांगची द्राक्षं एकेकाळी नावाजलेली. सपोर्टर ग्रुपच्या नावात मात्र अजून रेड आहे, जुन्या क्लबच्या काळापासून चालत आलेला.

वर जायची संधी याआधी हुकलेली होती, आणि ती सुद्धा फार वाईट पद्धतीने. 2022 ला आनयांग प्लेऑफमधून शेवटच्या टप्प्यात पोचली, समोर सुवॉन, पहिली मॅच 0-0, दुसरी 1-1 होऊन एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि 120 व्या मिनिटाला ओह ह्यॉन-ग्यू ने गोल मारून सुवॉनला वाचवलं. पुढच्याच वर्षी सुवॉन स्वतः खाली आली, आणि 2024 ला दोघी एकाच लीगमध्ये. दोन्ही शहरांच्या मधे जिजिदे नावाची खिंड आहे, तिच्यावरून या मॅचला जिजिदे डर्बी म्हणतात. एप्रिलमधली पहिली डर्बी आनयांगच्या मैदानावर झाली, 12 हजारांहून जास्त लोक आले, आणि सुवॉनने 3-1 ने जिंकली. त्या संध्याकाळी कोणाला विचारलं असतं तर वर कोण जाणार याचं उत्तर सुवॉनच आलं असतं.

आनयांगचा कोच यू ब्यॉंग-हून, हेड कोच म्हणून त्याचं हे पहिलंच वर्ष. पण बाहेरून आणलेला माणूस नव्हे, याच क्लबमध्ये बरीच वर्षं असिस्टंट म्हणून काढलेली, त्यामुळे घर माहितीचं. टीममध्ये मोठं नाव म्हणावं असं कोणी नाही. ब्राझीलचा मातेउस ओलिवेरा हाच काय तो हुकमी एक्का, त्याने 7 गोल केले, 11 गोलांना पास दिले, आणि सीझनचा बेस्ट प्लेयरही तोच झाला. 2 नोव्हेंबरला बुचॉनच्या मैदानावर 0-0 झाली आणि एक मॅच बाकी असताना चॅम्पियनशिप पक्की. 18 विजय, 9 बरोबरी, 9 हार, पॉइंट 63. 36 मॅचमध्ये 63 म्हणजे काही धो धो धावणारी टीम नव्हती ही, 2022 ला ग्वांगजूने 40 मॅचमध्ये 86 केले होते, पण बाकीच्या एकमेकींचे पॉइंट खात राहिल्या आणि आनयांग आपल्या चालीने पुढे राहिली. माझ्या मते या सीझनचं खरं गमक तेच, कोणीच जबरदस्त नव्हतं, आनयांग फक्त सगळ्यात कमी गडबडली. प्रमोशन झालं तर केस जांभळे करीन असं शहराचे महापौर चे दे-हो बोलून बसले होते, आणि त्यांनी ते खरंच केले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आनयांग सोलच्या वर्ल्ड कप स्टेडियममध्ये एफसी सोलशी लीग मॅच खेळली, 2-1 ने हरली, आणि ऑगस्टच्या शेवटी तिथेच त्याच स्कोअरने जिंकली.

सुवॉनकडे वळू. सुरुवात झकास, पहिल्या घरच्या मॅचला 14 हजारांवर लोक, दुसऱ्या लीगच्या मानाने हा आकडा म्हणजे डोळे पांढरे व्हावेत असा. कोच यॉम की-हून, क्लबचा लाडका जुना खेळाडू, डावा पाय म्हणजे नुसती जादू, पण खाली उतरताना पण तात्पुरता कोच तोच होता आणि त्याच्यावरच परत भरवसा टाकला यावर तेव्हाच बरेच जण नाखूष होते. एप्रिलपर्यंत ठीक चाललं, मग मे महिन्यात सलग पाच हार. पाचवी 25 मे ला सोल ई-लँडविरुद्ध, आधी पुढे असताना शेवटी शेवटी तीन गोल खाऊन 3-1, आणि मॅचनंतर फॅन्सनी टीमची बस अडवली, यॉम त्यांच्यासमोर आला आणि तिथेच राजीनामा जाहीर करून मोकळा झाला. त्याच्या जागी ब्यॉन सॉंग-ह्वान, कोरियाच्या 17 वर्षांखालच्या टीमचा कोच. त्याने हारण्याचं प्रमाण खूप कमी केलं, पण बरोबऱ्या इतक्या झाल्या (वर्षभरात 11) की टेबलमध्ये फार वर सरकता आलं नाही. त्यात ऑगस्टपासून घरच्या मैदानाचं गवत बदलायचं काम निघालं आणि घरच्या मॅच योंगिनला जाऊन खेळाव्या लागल्या.

शेवटचा दिवस 9 नोव्हेंबर, आणि सुवॉनचा त्या राउंडला नेमका बसून राहायचा नंबर. 36 मॅच संपलेल्या, पॉइंट 56, नंबर चौथा, आणि आता बाकीच्यांकडे बघत बसायचं. जॉन्नामने सोल ई-लँडला त्यांच्याच घरी 4-0 ने झोडपलं आणि 57 वर गेली. बुसानने बुचॉनला 3-1 हरवून 56 गाठले, म्हणजे सुवॉनच्या बरोबर, पण बुसानचे एकूण गोल जास्त. चौथी सुवॉन दोन तासांत सहावी झाली, प्लेऑफ पण गेली. विषम टीमची लीग चालवायची तर कोणाच्या तरी वाट्याला हे येणारच, पण शेवटच्या राउंडला सगळ्या मॅच एकाच वेळी ठेवायच्या आणि एका टीमला नुसतं बघायला बसवायचं हे मला तरी धड वाटत नाही. अर्थात 36 मॅच हातात होत्या, त्यात केलं असतं तर ही वेळ आली नसती, हेही खरं.

दुसऱ्या नंबरवर चुंगनाम आसान आली, 60 पॉइंट, आणि हे कोणाच्याच अंदाजात नव्हतं. कोच किम ह्यॉन-सॉक, खेळाडू म्हणून उल्सानचा दिग्गज, प्रोफेशनल टीमचा हेड कोच म्हणून हे पहिलंच वर्ष. या क्लबचं वर्ष सुरू झालं ते भलत्याच भानगडीने, घरच्या पहिल्या मॅचला नेहमीचा निळा सोडून टीम लाल जर्सीत उतरली, एप्रिलमध्ये निवडणूक तोंडावर, लाल रंग तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा, आणि प्रांताचे गव्हर्नर न् शहराचे महापौर दोघेही त्याच पक्षाचे, म्हटल्यावर फॅन्स भडकले. सरकारी पैशावर चालणाऱ्या क्लबांचं हे दुखणं कोरियात जुनंच आहे. सोल ई-लँड 58 पॉइंटवर तिसरी, क्लबची तोवरची सगळ्यात चांगली कामगिरी.

प्लेऑफमध्ये वरच्या नंबरचा फायदा दोन्ही वेळा चालला. जॉन्नाम आणि बुसान 0-0, म्हणून जॉन्नाम पुढे. मग जॉन्नाम ई-लँडविरुद्ध 2-0 ने पुढे होती, ई-लँडने 2-2 केलं आणि तेवढ्यावरच ई-लँड पुढे.

आता वरच्या लीगशी सामना. आसानसमोर देगू, आणि आसानचं स्वतःचं स्टेडियम दुरुस्तीला गेलेलं म्हणून घरची मॅच शेजारच्या चॉनानमध्ये. तिथे आसान एका वेळी 4-1 ने पुढे होती, अक्षरशः एक पाय वर ठेवलेला, पण शेवटी 4-3 वर संपली, आणि ते दोन गोल महागात पडले. दुसरी मॅच 1 डिसेंबरला देगूमध्ये, एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि देगूने 3-1 ने काढली, दोन्ही मिळून 6-5. ई-लँडसमोर तर जॉन्बुक, तोवर नऊ वेळा लीग जिंकलेला क्लब, त्या वर्षी कसा कोण जाणे दहाव्या नंबरवर घसरलेला. दोन्ही मॅच 2-1 ने जॉन्बुककडे, दुसऱ्या मॅचला जॉन्बुकच्या घरी जॉन्जूमध्ये ई-लँडने आधी गोल मारून एकूण स्कोअर बरोबर आणला होता पण टिकला नाही. म्हणजे इतकी सगळी धावपळ होऊन वर गेली ती फक्त आनयांग, आणि खाली आली ती के लीग 1 मध्ये शेवटची आलेली इंचॉन युनायटेड.

मधल्या टीमबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गिम्पो सातवी, तिच्याखाली बुचॉन, चॉनान, चुंगबुक चॉन्जू, आन्सान, ग्यॉन्गनाम. सगळ्यात जास्त गोल मात्र नवव्या नंबरच्या चॉनानच्या ब्रुनो मोताने मारले, 16, आणि सीझन संपल्यावर आनयांगने त्याला उचलला. तेराव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर सॉन्गनाम, सात वेळचा लीग चॅम्पियन आणि दोनदा आशिया जिंकलेला क्लब. वर्षात कोच बदलत राहिले पण टेबलमध्ये फरक पडला नाही. मैदानात येणाऱ्यांचा आकडा मात्र दुसऱ्या लीगसाठी विक्रमी होता, वर्षभरात साधारण 8.9 लाख, त्यात सुवॉनचा वाटा मोठा, घरच्या मॅचला सरासरी 10 हजारांच्या पुढे, आणि बाहेरगावी खेळायला गेली की तिथलंही स्टेडियम त्यांचेच फॅन भरायचे. छोट्या क्लबांच्या तिकीट खिडकीला असं वर्ष क्वचित मिळतं. सुवॉन वर गेली नाही याचं सगळ्यात कमी दुःख त्यांनाच झालं असणार.