आयात ब्लू-रे: सील फोडण्याआधी एवढे वाचा

जुन्या रॉक बँडपटांच्या रिस्टोर केलेल्या आवृत्त्या मागवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"डिस्क लागत नाही, बदलून द्या" म्हणून परत येणाऱ्या बहुतेक डिस्क ठणठणीत असतात. घोळ असतो रीजनचा, म्हणजे डिस्क आणि प्लेअर जगाच्या कोणत्या भागासाठी बनवले त्या कोडचा. दोन्हींचा कोड जुळला तरच डिस्क लागते. भारतात विकला जाणारा ब्लू-रे प्लेअर रीजन 'सी'चा. अमेरिका आणि जपान 'ए', युरोप आणि ऑस्ट्रेलिया 'बी'. क्रायटेरियन या जुने चित्रपट रिस्टोर करून काढणाऱ्या कंपनीच्या अमेरिकी ब्लू-रे 'ए'ला लॉक असतात. आपल्या प्लेअरमध्ये घातल्या की सूचना येते आणि गाडी तिथेच थांबते. मग ब्रिटनची आवृत्ती मागवू म्हणाल, तर ती 'बी'ची.

"पण माझा प्लेअर मल्टी-रीजन आहे!" हे वाक्य आम्हाला पाठ झाले आहे. रिमोटवर आकडे दाबून दुकानदार जे उघडून देतो ते बहुधा फक्त डीव्हीडीचे रीजन. डीव्हीडीला आकडे असतात (भारत ५), ब्लू-रेला अक्षरे. एक उघडले म्हणून दुसरे उघडत नाही. प्लेअर घेताना नेमके विचारा: ब्लू-रे ए, बी, सी तिन्ही चालतात का? अमेरिकेहून कोणी प्लेअर आणणार असेल तर 'ए'च्या डिस्क लागतील, पण प्लेअरच्या मागची माहितीची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट असेल तर ठीक. नुसते १२० असेल तर घरच्या प्लगला थेट लावू नका.

४के डिस्कला (ब्लू-रेहून जास्त बारकाव्याची डिस्क) रीजनची अट नसते, अर्थात त्यासाठी ४के प्लेअरच हवा. इथे आणखी एक फसगत होते. क्रायटेरियनच्या 'द लास्ट वॉल्ट्झ' या मैफलपटाच्या ४के संचात दोन डिस्क आहेत: ४केवर चित्रपट, ब्लू-रेवर चित्रपट आणि सोबतच्या मुलाखती वगैरे. पहिली लागते, दुसरी नाही. दुसरी खराब नाही. ती 'ए'ची आहे.

सील फोडलेली डिस्क आम्ही परत घेत नाही याचा काहींना राग येतो. पण सील गेलेला आयात माल पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून कसा द्यायचा? म्हणून ऑर्डरसोबत प्लेअरच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. वेष्टनावरचा रीजनचा षटकोनी शिक्का त्याच्याशी जुळवूनच आम्ही पार्सल बांधतो. याचे वेगळे पैसे नाहीत.

चित्राबद्दल थोडे. 'माँटेरे पॉप' (१९६८) आणि 'गिमी शेल्टर' (१९७०) १६ मिमीवर चित्रित झाले, चौकट १.३३:१. रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच. झूम केलेत तर वरखाली मिळून पाव चित्र कापले जाते, म्हणजे नेमकी डोकी आणि गिटारवरचे हात. बारीक दाणे फिल्मचेच आहेत. टीव्हीतले नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारे) आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारे) दोन्ही बंद ठेवा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात.

'अ हार्ड डेज नाइट'च्या (१९६४) क्रायटेरियन आवृत्तीत मोनो (एकच वाहिनी), स्टिरिओ (डावी-उजवी) आणि ५.१ (सभोवतालच्या सहा स्पीकरसाठी) असे आवाजाचे तीन पर्याय आहेत. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर बिनधास्त मोनो लावा, मूळ आवाज तोच.

स्वस्तात युरोपची डीव्हीडी चालेल का, असेही विचारतात. पाल (युरोपातल्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट बऱ्याचदा २५ने पळवलेला असतो. वेग ४ टक्क्यांनी वाढतो आणि आवाज वेगळा दुरुस्त केलेला नसेल तर सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमी चढतो. सोबत गिटार वाजवून बघा, तार जुळणार नाही. संगीतपटासाठी आम्ही ब्लू-रेच सुचवतो ते त्यामुळे. किंमत जास्त आहे हे मान्य. तुमच्या प्लेअरला चालणाऱ्या शीर्षकांची यादी हवी असेल तर मॉडेल नंबर कळवा.