पार्श्वभूमी : संगिनीची खाच आणि एआर-१५

अमेरिकेत एआर-१५ या रायफलीचा विषय निघाला की पहिली दुरुस्ती ठरलेली : ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ (लष्करी स्वयंचलित रायफल) नव्हे, ‘आर्मालाइट रायफल’. दुरुस्ती बरोबर आहे, पण अशा रायफलींवर बंदी हवी की नको, हे भांडण तिने मिटत नाही.

आर्मालाइट कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात ही रायफल घडवली. १९५९मध्ये हक्क कोल्ट या बंदूक कंपनीकडे गेले. तिची लष्करी बहीण एम-१६ व्हिएतनामला गेली आणि १९६४च्या सुमारास नागरी आवृत्ती दुकानांत आली. फरक चापाचा. एम-१६चा चाप दाबून धरला की गोळ्यांची सरच सुटते. नागरी रायफलीत दर गोळीला तो नव्याने ओढावा लागतो. पुढची गोळी मात्र आपोआप भरली जाते. स्वयंचलित बंदुकांवर १९३४पासून कर आणि नोंदणी होतीच, १९८६नंतर बनलेल्या तर सामान्य नागरिकाला घेताच येत नाहीत. वाद उरला तो या अर्ध-स्वयंचलित रायफलींचा.

जानेवारी १९८९मध्ये तो पेटला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनमध्ये शाळेच्या मैदानावर एके-४७च्या धर्तीच्या रायफलीने ५ मुलं मारली गेली. त्या राज्याने त्याच वर्षी बंदी आणली. १९९४मध्ये ती देशभर लागू झाली, १० वर्षांच्या मुदतीने.

गोम व्याख्येत होती. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढता येणाऱ्या रायफलीला पिस्तुलासारखी मूठ, दुमडता दस्ता, संगीन अडकवायची खाच अशा यादीतल्या २ गोष्टी असल्या की ती बेकायदा. कंपन्यांनी खाच काढली, दस्ता पक्का बसवला आणि जवळजवळ तीच रायफल पुन्हा काउंटरवर ठेवली. १०पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी, माझ्या मते, त्यातला कामाचा भाग. पण जुनी मॅगझिनं आणि जुन्या रायफली कायद्याने सोडूनच दिल्या होत्या. (आपल्याकडे दिसण्यापेक्षा काडतूस पाहतात : लष्कराचं .३०३ किंवा ७.६२चं काडतूस बसलं की ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारी बंदूक. म्हणून परवान्यावर .३१५ची रायफल दिसते.)

सप्टेंबर २००४मध्ये मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही. २०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, तरी २०१३मध्ये नवी बंदी सेनेटमध्ये ४० विरुद्ध ६० मतांनी पडली. तोवर, २००८मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला होता. ‘सर्रास वापरातल्या’ शस्त्रांना त्याचं संरक्षण. बंदी उठल्यावर एआर-१५ लाखो घरांत पोहोचली, आणि आता राज्यांच्या बंदीविरुद्ध कोर्टात तोच आकडा पुढे केला जातो.