एल हेनेराल

एल हेनेराल : (१९६९ – ). पनामातील गायक व स्पॅनिश रेगेच्या (जमैकातील रेगे या संगीतप्रकाराच्या स्पॅनिश भाषेतील रूपाच्या) आद्य प्रवर्तकांपैकी एक. मूळ नाव एदगार्दो आर्मांदो फ्रांको. पनामा शहरातील रिओ आबाहो या वस्तीशी त्यांचे नाव जोडले जाते. ‘एल हेनेराल’ म्हणजे सेनापती. रंगमंचावर त्यांचा पोशाखही लष्करी थाटाचा असे.

पनामातील रेगेचे मूळ मजुरांच्या स्थलांतरात आहे. लोहमार्ग (१८५०–५५), फ्रेंचांचा फसलेला कालवा (१८८० चे दशक) आणि अमेरिकी कालवा (१९०४–१४) या तिन्ही कामांवर जमैका, बार्बेडोस इ. बेटांवरील कृष्णवर्णीय मजूर राबले. अमेरिकी अमदानीत गोऱ्यांचा पगार सोन्याच्या, तर या मजुरांचा चांदीच्या हजेरीपटावर मांडला जाई. वंशजांच्या घरात बेटांची इंग्रजी राहिली आणि शाळेत स्पॅनिश आली. त्यामुळे जमैकाची नवी तबकडी हाती पडली की तिच्यातले बोल कोणी समजावून द्यावे लागत नसत. तबकडीच्या मागील बाजूस नुसत्या वाद्यांचे रूप असे. त्यावर स्पॅनिश शब्द बसवले की गाणे तयार. रेनातो हा गायक १९८० च्या दशकात याच रीतीने पुढे आला. या गाण्यांच्या कॅसेटी शहरातल्या रंगीबेरंगी बसगाड्यांमध्ये मोठ्याने वाजत आणि तोच त्यांचा प्रसार होता. पनामात या संगीताला ‘प्लेना’ म्हणतात. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरील त्याच नावाच्या लोकसंगीताशी त्याची गल्लत करू नये.

फ्रांको शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले आणि तेथेच त्यांची ध्वनिमुद्रणे गाजू लागली. ‘तू पून पून’ हे गीत लिटल लेनी या जमैकी गायकाच्या गाण्यावर बेतलेले आहे. ‘मुएवेलो’च्या चित्रफितीस १९९२ मध्ये एमटीव्हीचा आंतरराष्ट्रीय प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या अमेरिकी नृत्यसंगीत गटाच्या एका गीतातही त्यांचा आवाज आहे.

फ्रांकोंना अनेकदा ‘रेगेतोनचे (स्पॅनिश रेगेतून पुढे आलेल्या नृत्यसंगीताचे) जनक’ म्हणतात, पण ते सर्वमान्य नाही. हा वाद मुख्यतः एका ठेक्याभोवती फिरतो. जमैकाच्या स्टीली आणि क्लीव्ही या संगीतनिर्मात्यांच्या जोडीने १९८९ च्या सुमारास ‘फिश मार्केट’ हा ठेका रचला. जमैकी गायक शाबा रँक्स यांचे ‘डेम बो’ गीत त्याच घडणीचे आहे. आठ मात्रांचे आवर्तन धरल्यास ढोलाचा आघात १ व ५ वर सरळ पडतो आणि वरचा कडक आघात ४ व ७ वर. चौथ्या व सातव्या मात्रेवर वरचा आघात एकटाच पडतो. ठेक्याची ओढ आहे ती याच दोन आघातांत. पहिली मात्रा धरून मोजल्यास ३+३+२ अशी विभागणी निघते. ती कॅरिबियन संगीतात फार जुनी असल्याने तेवढ्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही.

‘डेम बो’ची फ्रांकोंनी ‘सोन बो’, तर त्यांचेच देशबांधव नांदो बूम यांनी ‘एयोस बेनिया’ अशी स्पॅनिश रूपे केली. नांदो बूम यांच्या गाण्यासाठी डेनिस टॉम्पसन यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ठेका नव्याने वाजवला, आणि पुढे प्वेर्तो रिकोच्या कॅसेटींत वारंवार ऐकू येतो तो बराचसा हा नव्याने वाजवलेला ठेका, असे संगीताभ्यासक वेन मार्शल यांचे प्रतिपादन आहे. मूळ पनामाचे की प्वेर्तो रिकोचे, या वादापेक्षा किंग्स्टन (जमैका), पनामा, न्यूयॉर्क व सान ह्वान (प्वेर्तो रिको) यांच्यातील ये-जा पाहणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे पाहता फ्रांको जनक नव्हेत, रेनातो त्यांच्या आधीचे; पण पनामाबाहेर हे संगीत सर्वांत दूर पोचवले ते फ्रांकोंनी. स्टीली आणि क्लीव्ही यांच्या वतीने २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात दावा दाखल झाल्याने ठेक्याच्या मालकीचा प्रश्न आता कायद्याचाही झाला आहे.

२००४ च्या सुमारास फ्रांको संगीतातून निवृत्त झाले व यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात गेले.