कुत्रे बर्फ खातात, मग पाणी कशाला?

लांब पल्ल्याच्या स्लेज शर्यतीत, म्हणजे कुत्रे ओढतात त्या बर्फगाडीच्या शर्यतीत, पहिल्यांदा उतरणाऱ्याला हे हमखास सांगितलं जातं: कुत्रे धावता धावता बर्फ खातात, पाण्याची वेगळी सोय नको. हे साफ चुकीचं आहे आणि त्याची किंमत कुत्रे मोजतात.

धावताना ते बर्फाचा घास मारतात हे खरं. त्याने तोंड गार होतं, तहान भागत नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ बहुतेक हवाच असतो. भांडंभर वितळवला तर तळाशी जेमतेम पाणी उरतं. शिवाय तो वितळवायला कुत्र्याच्याच अंगातली ऊब खर्ची पडते. कोरड्या थंड हवेत धापा टाकताना श्वासावाटे पाणी जातं ते वेगळंच. त्यात दिवसाला सुमारे 10,000 कॅलरींचा चरबी-मांसाचा आहार, म्हणजे पाण्याची गरज आणखी वाढते.

अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत तर किमान 3 गॅलन, म्हणजे अकराएक लिटर पाणी उकळेल असा स्टोव्ह आणि भांडं जवळ बाळगणं सक्तीचं आहे.

नुसतं पाणी कुत्रे कित्येकदा हुंगून सोडतात. त्यात मांसाचे तुकडे टाका, कोमट रस्सा करा. मग बघा, वाडगं चाटूनपुसून साफ होतं. थांब्यावर पोहोचलात की आधी बर्फ वितळत ठेवा, स्वतःचं जेवण नंतर. आणि प्रत्येक कुत्र्याच्या खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती झटकन बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर त्याला पाणी कमी पडतंय. त्याला तसाच पुढे जुंपू नका, पशुवैद्यांना दाखवा.