पाळीचं पाणी आणि सरकारचा सर्व्हर

जूनमध्ये भाचीच्या अकरावी प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. सलग तीन दिवस केंद्रावर गेलो आणि तिन्ही दिवस एकच उत्तर मिळालं, ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या.’ रांगेत पन्हाळ्याकडून, कागलकडून एसटीनं आलेली माणसं होती, त्यांचा प्रत्येक ‘उद्या’ म्हणजे एक बुडालेला रोजगार. परतताना भाचीनं विचारलं, ‘मामा, ह्यो सर्व्हर असतोय तरी कुठं?’

सर्व्हर म्हणजे दूर कुठंतरी ठेवलेला, सगळ्या केंद्रांना सेवा देणारा संगणक. तो विकत न घेता इतरांबरोबर वाटून, भाड्यानंही घेता येतो, त्यालाच क्लाउड म्हणतात. पंचगंगेकाठच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. एकट्या शेतकऱ्याला नदीवर जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, मोठी मोटर आणि दोन-तीन किलोमीटर पाइपलाइन परवडत नाही, आणि परवडली तरी ती मोटर बराच काळ बंदच पडून राहील. म्हणून सहकारी पाणीपुरवठा संस्था झाल्या. मोटर एक, शेतं अनेक. पाळी आली की पाणी घ्यायचं आणि त्यापुरती पट्टी भरायची. संगणकाची ताकदही अशीच टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, असं संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1961 सालीच अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या भाषणात सांगितलं होतं. ॲमेझॉननं 2006 मध्ये संगणक तासाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ राष्ट्रीय क्लाउड 2014 मध्ये सुरू झाला आणि जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं.

क्लाउड म्हणजे ढगात काही नसतं. शेकडो किलोमीटरवरच्या एखाद्या थंडगार इमारतीत रांगेनं मांडलेली यंत्रं असतात. एकेका यंत्रावर वाटपाचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. ते प्रोसेसर आणि मेमरीचे हिस्से पाडून प्रत्येक भाडेकरूला त्याचा वेगळा संगणक असल्यासारखं वापरू देतं, आणि एकाला दुसऱ्याच्या हिश्श्यात डोकावू देत नाही. पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागात बदलते, त्यामुळे प्रत्येकाला सगळी मोटर आपलीच वाटते. मागणी चढली की नवे हिस्से आपोआप जोडले जातात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपले आपण उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात.

खरा फायदा गर्दीच्या गणितात आहे. समजा शंभर कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाची गर्दी आपापल्या वेळी होते. एकाला पाणी लागतं तेव्हा दुसऱ्याला लागत नाही. सगळ्यांची मागणी एकत्र केली, तर सरासरीच्या मानानं तिचा चढउतार एका कार्यालयाच्या चढउताराच्या दहाव्या हिश्श्यावर येतो, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. पण त्यासाठी गर्दी एकमेकांपासून स्वतंत्र असावी लागते. दाखल्यांची गर्दी तशी नसते, ती साऱ्या महाराष्ट्रात जूनमध्येच उसळते. त्यामुळे सरकारी खात्यांनी फक्त आपापसात वाटणी करून भागत नाही. बँका, दुकानं, कारखाने यांच्याबरोबर मोठ्या साठ्यातून घ्यावं लागतं.

आणि यंत्रं वाढवूनही काही कामं अडतात, हे फारसं कुणी सांगत नाही. लस नोंदणीच्या कोविन पोर्टलवर 28 एप्रिल 2021 ला 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी दार उघडलं. सुरुवातीला ते अडखळलं, पण त्या दिवसभरात सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. पान दाखवणारी यंत्रं हवी तेवढी वाढवता येतात. नोंद मात्र शेवटी एकाच वहीत व्हावी लागते. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर एकाच क्षणी दोघांना दोन वेगळे फेरफार लिहू देता येत नाहीत. त्या वहीची रचना चुकली असेल, तर शंभर यंत्रं तिच्यासमोर रांगेत उभी राहतात.

कोणतं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं आणि कोणतं नाही, याचा चांगला नमुना पासपोर्ट सेवेचा आहे. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे यांची व्यवस्था टीसीएस ही खासगी कंपनी कंत्राटावर सांभाळते, पण पोलीस पडताळणी आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय सरकारच्याच हातात आहे. मोटर भाड्याची चालेल, पण पाणी कुणाला सोडायचं ते ठरवणारा पाटकरी आपला हवा. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार आणि ती उघडून वाचता येणारा माणूस खात्यात आहे का, हे मला यंत्रांच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सगळं स्वतःच्या इमारतीत ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली. सहाशेहून अधिक प्रणाली बंद पडल्या, आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा 858 टेराबाइटचा साठा दुसरीकडे प्रत नसल्यानं गेला. 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट आहे. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. कोल्हापूरच्या नोंदींची दुसरी प्रत कोल्हापुरातच ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

शेवटी त्या तीन दिवसांकडे येतो. भाड्याच्या सेवेच्या करारात ‘99.5 टक्के वेळ सुरू’ अशा स्वरूपाची अट असते. वर्षाचे तास 8,760, त्यांचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ 44 तास. आमचे तीन दिवस कचेरीच्या वेळेनं मोजले, तर चोवीस तासही भरत नाहीत. म्हणजे टक्केवारी वर्षाची धरली असेल, तर कागदोपत्री कराराचा भंग झालेलाच नाही आणि कुणाला दंडही होणार नाही. तीच अट महिन्याला मोजली, तर मुभा साडेतीन तासांच्या आसपास येते. ती महिन्यानं आणि कचेरीच्या वेळेतच मोजावी, आणि जूनसाठी वेगळी, आणखी कडक लिहावी.