काचेआडची शाई

फोटो मढवण्याच्या धंद्याला मोठ्या प्रिंटरची जोड द्यायची म्हटलं की चर्चा यंत्राच्या किमतीपासून सुरू होते. जागा किती लागेल, रोल २४ इंची घ्यावा की ४४ इंची, शाई किती जाईल. हे प्रश्न रास्तच आहेत. पण मला त्याहून मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. भिंतीवरची तसबीर किती वर्षं टिकणार हे शाई, कागद, माउंट (फोटोभोवती बसवलेली पुठ्ठ्याची कापीव चौकट) आणि काच मिळून ठरवतात. छापणारा एक आणि मढवणारा दुसरा असला, की या चौघांचं एकमेकांशी जमतंय का हे बघायला कुणीच नसतं. दोन्ही कामं एकाच हाती आली की ते बघता येतं.

गिऱ्हाइकाची पहिली शंका ठरलेली: "एवढा मोठा केला तर फाटणार नाही ना?" म्हणजे चित्राचे ठिपके सुटे दिसणार नाहीत ना. याचं उत्तर डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. ३० सेंटिमीटरवरून पाहताना याचा अर्थ होतो इंचाला सुमारे ३०० पिक्सेल, आणि छपाईतला तो प्रसिद्ध ३०० चा आकडा इथूनच येतो. दोन मीटरवरून मात्र इंचाला ४५ पिक्सेलही पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तो ६० इंच रुंद छापला तरी इंचाला १०० पिक्सेल उरतात. सोफ्यामागच्या भिंतीसाठी ते भरपूर झाले. जिथे लोक जवळ जाऊन बारकावे पाहतील, तिथे मात्र आकाराला आवर घालावा.

आता शाई. मोठ्या फोटो प्रिंटरचा एक थेंब चार-एक पिकोलिटरचा असतो. त्याचा व्यास जेमतेम २० मायक्रॉन, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. त्या थेंबात रंग कसा आहे यावर पुढचं सगळं अवलंबून. डाय शाईत रंगाचा एकेक रेणू सुटा विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत साधारण १०० नॅनोमीटरचे घन कण तरंगत असतात आणि एका कणात असंख्य रेणू दाटीने बसलेले असतात. प्रकाशाने वा हवेने वरचे रेणू मोडले तरी आतले शाबूत राहतात. सुट्या रेणूंना असं कवच नसतं. म्हणून मढवून टांगायच्या कामाला पिगमेंट शाईच घ्यावी, यात मी तडजोड सुचवणार नाही.

हवेने काय होतं याचा धडा २००० साली मिळाला. तेव्हा नव्याने आलेल्या काही डाय शाईच्या प्रिंटरांवर काढलेले फोटो कुणाकडे काही दिवसांत नारिंगी पडले, तर कुणाकडे जसेच्या तसे राहिले. दोष निघाला तो मुख्यतः हवेतल्या ओझोनचा. शाई झटकन शोषली जावी म्हणून कागदावरच्या लेपात सूक्ष्म छिद्रं असतात. त्याच वाटेने ओझोन आत शिरून सायन म्हणजे हिरवट-निळ्या रंगाचे रेणू मोडत होता. सायन गेला की मॅजेंटा (जांभळट-गुलाबी) आणि पिवळा मागे राहतात, आणि दोघांचं मिळून नारिंगी होतं. काचेआड बंद केलेले फोटो मात्र वाचले.

काच अशी तारते, पण घाई केली तर तीच काच अडचणही करते. शाईत रंग आणि पाणी यांखेरीज ग्लायकॉल, ग्लिसरीन असे सावकाश उडणारे द्रव घातलेले असतात. ते नसतील तर शाई नोझलच्या, म्हणजे ती फवारणाऱ्या बारीक छिद्राच्या, तोंडाशीच वाळून बसेल. यंत्रातून बाहेर आलेली प्रिंट काही मिनिटांत हाताला कोरडी लागते, पण हे द्रव लेपात मुरलेले असतातच. ती तशीच काचेमागे बंद केली की काही दिवसांनी काचेच्या आतल्या अंगावर धुरकट थर दिसू लागतो. नीट पाहिलं तर फोटोतल्या गडद भागासमोर तो जास्त दाट असतो, कारण तिथे शाई जास्त पडलेली असते. बोट फिरवलं की रेघ उमटते. प्लास्टिकचा थर असलेल्या फोटो कागदावर हे अधिक होतं, कारण वाफेला मागून वाटच नसते. उपाय म्हणजे वेळ देणं. प्रिंटवर साधा, लेप नसलेला कागद ठेवावा, तो मधूनमधून बदलावा आणि निदान २४ तास जाऊ द्यावेत. दमट दिवसांत याहूनही जास्त. गिऱ्हाइकाला तारीख देताना हा वेळ धरूनच द्यावी.

कागद आणि काच यांचं न जमणं कधी रंगातही दिसतं. बऱ्याच पांढऱ्याशुभ्र कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही हाच प्रकार असतो. ते अतिनील किरण शोषतात आणि तीच ऊर्जा निळसर प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात, त्यामुळे कागद जास्त उजळ भासतो. असा कागद अतिनील किरण अडवणाऱ्या महागड्या काचेमागे ठेवला की ब्राइटनरचा शिधाच तुटतो. दुकानात पसंत केलेली प्रिंट मढवल्यावर पिवळसर दिसते आणि सगळे छपाईला दोष देतात. अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहावं: कागद निळा चमकला तर ब्राइटनर आहेत. रंग पसंत करायचे ते नमुना प्रिंटवर, ठरलेल्याच काचेचा तुकडा धरून आणि ती जिथे टांगायची तिथल्यासारख्याच उजेडात. ब्राइटनर नसलेला सुती कागद किंचित मलईच्या छटेचा असतो, पण तो वर्षानुवर्षं आपला रंग सोडत नाही.

माउंटबद्दल थोडक्यात: लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन काढलेलं नसेल तर बोर्ड आम्लधर्मी होत जातो आणि कापलेल्या तिरक्या कडेवर तपकिरी रेघ येते. सुती किंवा आम्लमुक्त बोर्ड वापरला की ते टळतं. शिवाय माउंटच्या जाडीमुळे प्रिंट काचेला टेकत नाही. टेकली तर दमट हवेत लेप काचेला चिकटतो आणि सोडवताना चित्रच निघून येतं.

आणि कागद हलतो. सेल्युलोजचे तंतू हवेतलं पाणी पितात आणि जाडीला फुगतात, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. मीटरभर रुंदीच्या कागदात हा फरक काही मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. चारही कडा चिकटपट्टीने बांधून टाकल्या तर त्याला पसरायला जागा उरत नाही आणि मधोमध लाटा उठतात. मोठी प्रिंट वरच्या कडेला दोन-तीन कागदी बिजागऱ्यांवर टांगावी, बाकीच्या तीन कडा मोकळ्या ठेवाव्यात आणि चौकटीच्या खाचेत प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी.